एकोणीस मिनिटांची शांतता

कवळीवाल्याला गप्प बसवणं त्याच्या घरात आजवर कुणालाही जमलेलं नाही. दिवसभर इतरांच्या बोळक्या तोंडांसाठी दात घडवायचे आणि स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस वाजवत राहायचं. गिऱ्हाईक जास्त बडबडं निघालं, तर हा जबड्याचं माप घ्यायचा लगदा साच्यात दुप्पट भरून त्याच्या तोंडात कोंबतो आणि मग एकटाच बोलतो.

वय चौपन्न, पोट पुढे, केस मागे. अशा गृहस्थाचा जीव कुणावर जडावा? बोटभर काजळ, जांभळे ओठ आणि दारातून वाकून यावं लागेल इतके उभे केस, अशा पाच जपानी पुरुषांवर! रॉक संगीतातल्या या नटव्या तऱ्हेला व्हिज्युअल केई म्हणतात. बँड मोडून वीस वर्षं झाली. एव्हाना दोघातिघांना टक्कलही पडलं असेल. पण कवळीवाल्याच्या कामाच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या वरच्या फळीवर, त्यांचे तिन्ही अल्बम ऐटीत उभे होते.

या बँडचे उरलेसुरले चाहते फोनवरच्या एका गटात भेटत. माणसं चाळीस, भांडणं चारशे. कुठलं कव्हर आधी निळं होतं, कुठली कॅसेट एकाच कार्यक्रमात वाटली होती, यावर आठवडेच्या आठवडे जात. गटाच्या प्रमुख एक ग्रंथपालबाई. त्यांनी सगळ्या अल्बमची आणि दुर्मीळ गाण्यांची यादी करायला घेतली होती. रविवारी सहाला यादी बंद. बंद म्हणजे बंद.

आणि कवळीवाल्याचं गाणं यादीत नव्हतं. दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या खेपेत शेवटच्या गाण्यानंतर एकोणीस मिनिटं नुसती शांतता आहे, आणि मग एक लपवलेलं गाणं, हे तो आठ वर्षं घसा फोडून सांगत होता. फक्त पियानो आणि गायकाचा बसलेला आवाज. पुढच्या खेपांतून ते गाळलं गेलं. पहिल्या खेपेची सीडी गटात एकट्या त्याच्याकडे, म्हणजे साक्षीदारही तोच.

गटातल्या नर्सबाई म्हणायच्या, ‘‘काका, तुम्हाला डुलकी लागली असेल. पियानो स्वप्नात आला.’’

ग्रंथपालबाईंची अट साधी होती. ‘‘सीडी फिरताना दिसू दे. शेवटच्या गाण्यापासून अखेरपर्यंत एका दमात चित्रण हवं. पुढे ढकलायचं नाही, जोडायचं नाही, मध्ये कुणाचा आवाज नको. मागे एकाने भलतंच गाणं चिकटवून आणलं होतं, विसरले नाहीये मी.’’

शनिवारी सकाळी त्याने फोन टेकवला, सीडी लावली आणि पाय न वाजवता बाहेर जाऊन बसला. शांततेच्या चौदाव्या मिनिटाला बायको आत गेली आणि बटण दाबून आली.

‘‘अगं, काय केलंस हे?’’

‘‘मुकं मशीन नुसतंच फिरत होतं. बंद केलं. आभार माना.’’

दुपारी दुसरा प्रयत्न. सोळाव्या मिनिटाला थोरली बहीण डोकावली. ‘‘अरे, एवढा गप्प का बसलायस? बरं वाटत नाहीये का?’’ त्याने हात जोडले. ताईला वाटलं, हा नमस्कार करतोय; तिने तोंडभरून आशीर्वाद दिला. तो आशीर्वादही चित्रणात आला.

रविवारी चारला त्याने दोघींना स्वयंपाकघरात बसवून बाहेरून कडी घातली. तो खोलीत, फोन समोर. सतरावं मिनिट गेलं, अठरावं गेलं. एकोणिसावं सरलं आणि पियानोचा पहिला सूर उमटला.

‘‘आला! ऐका, ऐका आता! आठ वर्षं सांगतोय! डुलकी म्हणे! कोण म्हणालं होतं डुलकी?’’

गाणं संपेपर्यंत हा बोलतच होता. चित्रण गटात पोहोचलं आणि ग्रंथपालबाईंचं उत्तर आलं. ‘‘काका, तुमचाच आवाज ऐकू येतोय. मागे काहीतरी वाजतंय, पण शेजारचा रेडिओही असू शकतो. अट ती अट.’’

त्याने फोन उशीवर आपटला, कारण जमिनीवर आपटला असता तर सगळंच संपलं असतं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटचं गाणं सात मिनिटांचं, शांतता एकोणीस, लपवलेलं चार. कडी काढल्यावर बायको आली आणि म्हणाली, ‘‘अहो, आम्हाला कोंडून काय उपयोग? कोंडायचं ते तोंड मोकळंच राहिलं ना.’’

 तो उठला, लगदा कालवला, साच्यात दुप्पट भरला, स्वतःच्या तोंडात दाबला आणि दात रोवून बसला.

बायको दाराशी पहारा देत होती. एकोणीस मिनिटं घरात पंख्याखेरीज कशाचा आवाज नव्हता. गाणं सुरू झालं तेव्हा त्याचे हात हवेत गेले, डोळे वटारले, मान वेडीवाकडी हलली. तोंडातून मात्र चकार शब्द निघाला नाही.

सहाला दहा मिनिटं कमी असताना गाणं यादीत चढलं. खाली ग्रंथपालबाईंनी लिहिलं, ‘‘लांबी : चार मिनिटं दोन सेकंद.’’

‘‘चूक. मी मोजलं, चार मिनिटं पाच सेकंद,’’ नर्सबाई. ‘‘आणि शेवटी व्हायोलिन आहे.’’

व्हायोलिन? कुठलं व्हायोलिन? त्यांच्यात कुणी व्हायोलिनवाला नव्हताच!

‘‘काका, तुमच्याकडेच सीडी आहे. सगळ्यांना एकत्र फोन लावतेय, तुम्हीच सांगा,’’ ग्रंथपालबाई म्हणाल्या.

फोन वाजला, त्याने उचलला. लगदा दातांवर घट्ट बसला होता; दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना.

‘‘काका? बोला ना. आता का गप्प?’’

पलीकडून नर्सबाईंचा आवाज आला, ‘‘लागली असेल डुलकी.’’