'ताई'चा सरकारी खुलासा

"मुलीची आई बासष्ट वर्षांची कशी?" जिल्ह्याच्या ऑफिसातून मॅडम फोनवर एवढ्या ओरडल्या, की महाडला माझ्या टेबलावरचा पंखा उलटा फिरला.

"मॅडम, बासष्टची आजी. आई तिशीतली."

"मग तुमच्या रिपोर्टात मुलगी सांगते, ताई आंघोळ घालते, आई गोष्ट सांगते. ही बहीण आली कुठून?"

मी बाल संरक्षण अधिकारी. नवरा-बायकोच्या भांडणात मूल एका देशातून दुसऱ्या देशात आलं, की दोन्ही सरकारं एकमेकांना पत्रं लिहितात. मग पोर नीट जेवतंय का, हे बघायला कोणीतरी बाइकवरून डोंगर चढतो. तो कोणीतरी म्हणजे मी. अशी मुलं परत पाठवण्याचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर भारताची सही नाही. त्यामुळे परदेशी कोर्टाचा हुकूम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपलं हायकोर्ट मुलाचं हित कशात आहे ते बघतं, आणि त्यासाठी माझा रिपोर्ट मागवतं.

हे पोर म्हणजे पाच वर्षांची स्वरा. बाप सचिन जर्मनीत इंजिनीअर. आई सुजाता दुडदुडत्या स्वराला घेऊन नाते गावाजवळ माहेरी आली, ती परत गेलीच नाही. सचिनला मुलगी जर्मनीत हवी होती.

माहेरी सुजाताचा धाकटा भाऊ. तो सुजाताला ताई म्हणतो आणि आपल्या आईला आई. पोरगी त्याचं ऐकून तेच म्हणते. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच चालतं. मी तिचं बोलणं होतं तसं लिहिलं. वर कुणा हुशाराने इंग्रजी करताना ताईची 'सिस्टर' केली. सचिनच्या दिल्लीच्या वकिलाने लगेच अर्ज ठोकला: मुलगी आईला ओळखतच नाही, ती बहिणीच्या ताब्यात आहे, सबब तिला बापाकडे द्यावं.

मी खुलासा पाठवला. त्यावर खुलाशाचा खुलासा आला: 'ताई या शब्दाचा अर्थ आई होतो, यास आधार काय?' त्या पत्रापत्रीच्या वेळात मी वीर स्टेशनवरून रिक्षाने बर्लिन गाठून परत आलो असतो.

शेवटी कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थ बाईंनी व्हिडिओ कॉल ठरवला. महाडला नेमकी लाइन गेलेली. सगळी वरात पोलादपूरच्या कचेरीत नेली.

बाईंनी विचारलं, "बाळा, तुझी आई कुठाय?"

स्वराने आजीकडे बोट केलं. पडद्यावर सचिनच्या शेजारच्या चौकटीत वकिलाचा चेहरा सोललेल्या केळ्यासारखा उजळला. सुजाताने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

आजी खवळली. "अगो भवाने, ताईच तुझी आई हाय!"

"मंग तू कोन?"

"मी आजी."

"नाय. आजी म्हातारी असते."

माझं डोकं सणकलं. "बाई, मला एक विचारू द्या. सचिनराव, तुम्ही कुठले?"

"तिथलाच. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला."

"घरात काका, आत्या सगळे एकत्र?"

"हो."

"मग तुमच्या आईला हाक काय मारता?"

मला वाटलं, पडदा अडकला. पण वकील हलत होता. सचिननेच मान खाली घातली होती.

इतका वेळ नवऱ्याकडे न बघितलेली सुजाता पुढे झाली. "सांग ना त्यांना."

"वैनी," सचिन म्हणाला. "अजून वैनीच म्हणतो."

"वैनी मतलब?" वकिलाने विचारलं. "तो अर्ज मागे घ्या," सचिन त्याला म्हणाला.

हायकोर्टाने स्वराला आईकडेच ठेवलं. बापाला रविवारी व्हिडिओ कॉल आणि मे महिन्यात भेट. पहिल्या कॉलवर देखरेखीला अर्थात मीच. स्वराचा मामा सचिनला काय म्हणतो, याचा विचार कोर्टाने केला नव्हता. मीही नाही. पोरगी मोबाइलमध्ये तोंड घालून ओरडली, "दाजी, जेवलात काय?"

सचिनने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "जेवलो गो."

मी रिपोर्ट लिहिला: 'बाप-लेकीचा संवाद समाधानकारक.' मुलगी शब्दशः काय बोलली, ते या खेपेला लिहिलं नाही. नोकरीत माणूस शहाणा होतो तो असा.