भाऊबीजेची सुई

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून भाच्याचा फोन आला. "मामी, आई गेली... झोपेतच." मी फोन तसाच ह्यांच्या हातात दिला. शालूवन्सं माझी थोरली नणंद, ह्यांची आक्का. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी सगळी उमर नर्स म्हणून काढली, शेवटी वॉर्डाची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. आमचं दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. हातकणंगल्याला आमच्याकडे आल्या की आधी मोरीपाशी साबण आहे का ते बघायच्या, मग माणसं. मी म्हणायची, "वन्सं, हे घर हाय, ऑपरेशन थेटर न्हाय." त्यावर त्या म्हणायच्या, "म्हनूनच जास्त भ्या वाटतंय."

काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत ह्यांना टायफॉईड झाला. दवाखान्यातून सोडलं, पण शिरेतून द्यायची इंजेक्शनं अजून राहिली होती, म्हणून आम्ही वन्संच्या घरी मुक्काम टाकला. ह्यांच्या डाव्या हाताला सलाईनची सुई तशीच ठेवलेली, तिच्यातून वन्सं औषध सोडायच्या. वरच्या चिकटपट्टीवर पेनानं तारीख. तीन दिवस झाले की जुनी सुई काढून नवी टोचायची, हा त्यांचा नियम, आणि त्यात कुणाची गय नाही. आमचे हे तसे आडदांड गडी, पण सुई दिसली की तेहतीस कोटी देव आठवतात. सुई बदलायची पाळी आली ती नेमकी भाऊबीजेला. वन्संनी सामान काढलं, शेजारच्या ओवाळणीच्या ताटाकडे पाहिलं आणि सगळं परत डब्यात ठेवलं. "ज्या हातानं ओवाळायचं, त्याच हातानं टोचू व्हय? ऱ्हाऊ दे, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं आणि तो उद्याही तसाच गेला.

त्याच्या पुढच्या दिवशी ह्यांना थंडी वाजून ताप भरला. मनगटापासून कोपरापर्यंत शीर लालबुंद, हाताला दोरीसारखी कडक लागत होती. वन्संनी सुई काढली तर तिथून पू आला. तासाभरात आम्ही त्यांच्याच दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, शिरेत रक्ताची गुठळी झालीय आणि तिच्यात जंतू शिरलेत. तिचे तुकडे फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतेल. मग त्यांनी विचारलं, "सुई किती दिवसांची होती?"

चिकटपट्टी घरीच कचऱ्यात गेली होती. तारीख कुणालाच दिसणार नव्हती. वन्संच्या हाताखालच्या पोरी भोवती उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर वन्सं म्हणाल्या, "पाच दिवसांची, सर. बदलायची मीच टाळली, भाऊबीज हाय म्हणून. चूक माझी हाय." ना आवाज खाली, ना मान खाली. रस्ताभर मी मनात भांडणाची जुळवाजुळव करत आले होते. ते भांडण तिथंच विरलं. नवऱ्याच्या जिवाची काळजी पोखरत असतानाही मला त्या बाईचा अचंबा वाटला. त्यांच्या जागी मी असते तर खोटं बोलले असते, हे मला स्वच्छ कळत होतं.

आधी तपासणीला रक्त घेतलं, मगच औषध सुरू केलं. तरी दोन दिवस ताप हटेना. सोनोग्राफीत गुठळी वर सरकताना दिसली. शेवटी सर्जननी दंडापर्यंत हात उघडला आणि नासलेली शीर तेवढी कापून काढली. शीर काढल्यावर माणूस जगतो कसा, हेच मला कळेना... डॉक्टर म्हणाले, रक्त आपली दुसरी वाट शोधतं. रिपोर्टमधून जंतू कोणता ते समजलं, त्यावर लागू पडणारं औषध आलं आणि ताप उतरला. त्या क्षणी मी देवाला हात जोडले की डॉक्टरांना, मला आठवत नाही.

इंजेक्शनं पुढं कितीतरी दिवस चालली. वन्सं उशाशी बसून असायच्या, पण सुईला हात लावत नव्हत्या. एकदा उजव्या हाताची सुई बदलायची होती. ह्यांनी हात मागे ओढला. "आक्का, तूच टोच. न्हायतर मी टोचून घेत न्हाय."

"माझ्या हातनं नगो रं..."

"तुझ्याच हातनं."

वन्संनी हात धुतले. बराच वेळ धुतले. मग एका झटक्यात शीर सापडली, आणि सुई बसल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या.

त्यानंतर दर भाऊबीजेला त्या आधी वॉर्डात जायच्या. एकेका पेशंटच्या पट्टीवरची तारीख बघून जुन्या सुया बदलायच्या आणि मगच ओवाळायला हातकणंगल्याला यायच्या. नव्या पोरींना दरवर्षी आपलीच गोष्ट सांगायच्या, चुकणारीचं नाव न लपवता. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईशी मी साबणावरून वाद घालत आले.

यंदा घरात दिवाळी नव्हती. भाऊबीजेला सकाळी हे म्हणाले, "चल, कोल्हापूरला जाऊन येऊ." आम्ही वन्संच्या वॉर्डाच्या दारात जाऊन उभे राहिलो. एक नवी पोरगी ट्रे घेऊन एका म्हाताऱ्याच्या खाटेपाशी पोचली होती. म्हातारा कळवळला, "आगं, आज सणाचं तरी नगो टोचू."

ती पट्टी सोडवत म्हणाली, "आजोबा, सण हाय म्हनूनच आधी तुमच्याकडं आलोय."