न विचारता वळवलेलं पाणी

साल दोन हजार अठरा. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि आमच्या पाणी संस्थेत शेतकऱ्यांच्या पाळ्या कॉम्प्युटरवर मीच लावत होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण हे काम हट्टानं शिकलो होतो.

त्या दिवशी पाळ्यांच्या फाइलवरचा हिरवा चौकोन पांढरा झालेला दिसला. दोनदा क्लिक केलं, तर फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडली. पाळ्या दिसत होत्या, पण एकही बदलता येत नव्हती.

"अण्णा, नवं टाकलंय. सगळ्यांना सोपं पडतं," सचिव पंख्याखालून म्हणाला. "तुम्हाला जमत नसेल तर उद्यापासून मी बघतो."

अंगाचा तिळपापड झाला. शेतात पाण्याची दारं धरून उभ्या असलेल्या माणसाला न विचारता दुसऱ्यानं पाणी वळवलं, तर खोरी उगारली जातात. इथं माझ्या सवयीची वाट कुणीही वळवतो आणि वर म्हणतो, तुमच्याच सोयीसाठी. म्हातारपणी असंच चालतं. घरात खाट हलते, चष्म्याचा कोनाडा बदलतो, आणि चाचपडणाऱ्यालाच लोक अडाणी म्हणतात.

मी उठलो नाही. फाइलवर माउसचं उजवं बटण दाबलं, जुना प्रोग्रॅम शोधला आणि नेहमी यातच उघडायचं, अशी खूण केली. चौकोन पुन्हा हिरवा झाला. पाळ्या लावूनच घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी आलो आणि सचिवाची खुर्ची पंख्याखालून उचलून दारामागे ठेवली. त्याला विचारलं नाही.