नॅनोच्या डब्यातलं दही

आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या बसस्टँडजवळ एक माणूस प्लास्टिकचे डबे विकत होता. झाकणावर ‘नॅनो सिल्व्हर’ छापलेलं. यात जंतू मरतात, अन्न नासत नाही, असं तो म्हणाला. मी दोन घेतले. एकात नवऱ्याचा ऑफिसचा डबा भरू लागले, दुसऱ्यात दही लावू लागले.

दही काही लागेना. सकाळी झाकण उघडलं की वर पाणी, खाली तार सुटलेलं चिकट दूध. नवऱ्याचा संशय लगेच दूधवाल्या बाईवर गेला. ती जऊळक्याहून दूध आणते. दारातच तिला म्हणाला, “बाई, दुधात काय टाकून राह्यल्या तुमी?”

ती शांतपणे म्हणाली, “याच दुधाचं दही शेजारी लागते. तुमच्याच घरी काहून लागत नाही?”

तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. त्या संध्याकाळी एकच दूध, एकच विरजण घेतलं. अर्धं स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, अर्धं डब्यात. सकाळी गंजातलं दही घट्ट लागलेलं, डब्यातलं पातळच.

“थंडी असन,” नवरा म्हणाला.

“थंडी काय फक्त डब्यालेच वाजते?”

तेव्हा मला त्याचं पोट आठवलं. डबे आणल्यापासून ते कुरकुरत होतं. दही लावणारे जंतू मरत असतील, तर पोटातल्यांचं काय होत असेल? माझी भाची अकोल्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिला फोन लावला.

“मावशी, चांदीचे अगदी बारीक कण जंतू मारतात, हे खरं,” ती म्हणाली. “आतड्यातले जंतू आपल्या कामाचे असतात, पचनाले मदत करतात. पण डब्यातून कण अन्नात किती उतरतात, अन् तेवढ्यानं पोटातले जंतू बिघडतात का, यावर अजून अभ्यास चालू आहे. एका वाटी दह्यावरून मी काही सांगू शकत नाही. अन् त्या डब्यात चांदी आहे, हे तरी कशावरून?”

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. चांदी नसेल, तर मग आहे काय? विचारायला बसस्टँडवर गेले, तर तो माणूस तिथं नव्हता.

नवऱ्याला पुन्हा स्टीलचा डबा दिला. हळूहळू त्याचं पोट सुधारलं. पण त्याच सुमारास त्यानं ऑफिसबाहेरची कचोरी सोडली होती, त्यामुळे तो सगळं श्रेय कचोरीला देतो. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. दूधवाल्या बाईला मात्र त्यानं स्वतःहून सांगितलं, “दूध चांगलं होतं तुमचं.” ती “हो” म्हणाली आणि माप ओतून पुढच्या घरी गेली.

दोन्ही डबे मी माळ्यावर टाकलेत.

“काहून फेकत नाही तू ते?” नवरा विचारतो.

फेकू कुठं? परसात पुरावेत, तर डब्यातलं काय मातीत उतरेल कोण जाणे, आणि तिथं आमची वांगी आहेत.