रिकाम्या थैलीच्या तीन कोंबड्या

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले मोठे गुन्हे आता पुसट झाले, पण तीन मेलेल्या कोंबड्यांची एक तक्रार अजून मनातून जात नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सराव नाही, तरी जमेल तसं सांगतो.

निवृत्तीच्या आधीची गोष्ट. विसरवाडीजवळ हायवेच्या कडेला दोन सख्ख्या जावा राहायच्या. घरी आदिवासी कोकणी, आमच्याशी मात्र बाजारातली अहिराणी बोलायच्या. दोघींचा धंदा एकच. घरी गावरान कोंबड्या वाढवायच्या, गिऱ्हाईक आलं की कापून, गरम पाण्यात बुडवून पिसं काढायची, जाळावर भाजून हळद चोळून द्यायची. थोरलीनं हे काम धाकटीला शिकवलं. पुढे गाड्या धाकटीच्याच दारात थांबू लागल्या.

एका दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. अंमलदार म्हणाला, "साहेब, बाईचा आवाज आहे. धाकटीच्या सरपणाखाली विषाची पुडी बघा म्हणते." पाठोपाठ थोरली स्वतः हजर झाली. तिनं पिशवीतून तीन मेलेल्या कोंबड्या टेबलासमोर ठेवल्या.

"साहेब, मन्ह्या कोंबड्या सकायपाईन आंगनमा चरी ऱ्हायन्यात. धाकटीनी पीठन्या गोळ्या टाक्यात!"

स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही गेलो. पंचांसमोर सरपण उचललं, तर उंदराच्या औषधाची फोडलेली पुडी निघाली. धाकटी रडू लागली.

"बाई, तुन्ह्या कोंबड्यासले मी कसाले मारू?"

"आते रडस कसाले?" थोरली म्हणाली. "गाड्या थांबाडतांना हसू येत व्हतं ना!"

रस्त्यावर माणसं जमली होती. एक गाडी थांबली, ड्रायव्हरनं कोणाला तरी काय झालं ते विचारलं आणि कोंबडी न घेताच निघून गेला. विष घालणारी म्हणून नाव झालेल्या बाईच्या हातचं मांस कोण खाणार? कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच तिची चूल थंड होणार होती.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी कोंबड्या उघडल्या. नमुने तपासणीला जाणार होते, अहवालाला वेळ लागणार होता. पण गळ्याखालची दाण्याची थैली तिन्ही कोंबड्यांची रिकामी होती. ना दाणा, ना पीठ. सकाळभर चरलेल्या, पिठाच्या गोळ्या खाल्लेल्या कोंबड्यांची थैली रिकामी कशी? मला माझी आई आठवली. पाहुणा येणार असला की आदल्या संध्याकाळीच ती कोंबडी डालग्याखाली, बांबूच्या टोपलीखाली, डालायची आणि चारा बंद करायची. पोट रिकामं असलं की कोंबडी स्वच्छ कापता येते.

ठाण्यात महिला पोलिसांसमोर मी थोरलीला चहा दिला. पुडीचा विषयच काढला नाही.

"ताई, धाकटी म्हणते, दाणे चारूनच कोंबडी कापायची, मांस भरतं. तुम्हाला कोंबडी उपाशी ठेवायची उगाच खोड आहे म्हणे."

धाकटी असं काही बोलली नव्हती. थोरलीनं कप खाली आपटला.

"तिले काय समजस! मीच शिकाडं तिले. पोट भरेल कोंबडी कोनी कापस का? आदली सांजले डालगाखाले कोंडनी, निस्तं पानी ठेवनं. मी भी काल सांजले तश्याच..."

ती थांबली. मग तिनं पदर तोंडाला लावला. विष तिनं पाण्यातून दिलं होतं. पुडी तिचीच, फोनही तिचाच.

"गाड्या तिना दारमा थांबतस," ती म्हणाली. "शिकाडं कोनी, हाई कोनी इचारं का?"

धाकटीला बोलावून सगळं सांगितलं. ती जावेकडे पाहून म्हणाली, "साहेब, केस नका करू. पन रस्तावर सांगी द्या, मी जहर टाकं नही." थोरलीचा खरा जबाब लिहून घेतला, समज दिली आणि हायवेवर लोकांसमोर मी स्वतः ते सांगितलं.

या प्रकरणानं मला एवढं शिकवलं की मत्सरात माणूस आपल्याच कोंबड्या मारतो, पण हाताची सवय त्याला सोडत नाही. मारायची कोंबडी उपाशी ठेवायची, हे तिचा हात विसरला नाही. चौकशीत मी पुढे माणसाच्या रागापेक्षा त्याच्या सवयीकडे जास्त पाहू लागलो.

काही महिन्यांनी त्या रस्त्यानं गेलो. एक गाडी थोरलीच्या दारात उभी होती. धाकटीच्या हातात अर्धी पिसं काढलेली कोंबडी तशीच होती, बादलीतलं पाणी निवत चाललं होतं आणि ती टक लावून त्या गाडीकडे बघत होती. ती नजर मी ठाण्यात एकदा थोरलीच्या डोळ्यांत पाहिली होती.