इनासकाकांच्या खिशातलं कार्ड

इनासकाका मेलेल्या माणसाची परवानगी मागायचे. मी स्वतः पाहिलंय. उत्तनमधलं घर, बाहेरच्या खोलीत पेटी ठेवलेली. काकांनी चपला दाराशी काढल्या, कॅमेरा पाठीमागे धरला, पेटीतल्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकले आणि हळूच विचारलं, "तयार?" मग थांबले. आपण चहा सांगून थांबतो तसे. काहीतरी उत्तर आलं असावं, कारण सरळ होऊन ते घरच्यांना म्हणाले, "आजोबांचा डावा बूट सैल हाय. नाडी बांधा."

उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांची ही जुनी रीत. माणूस गेला की त्याला आंघोळ घालायची, कोट-बूट चढवायचे, हातात जपमाळ द्यायची आणि मग सगळं घरदार पेटीभोवती उभं राहून शेवटचा फोटो काढायचा. काकांनी तीस वर्षं हे फोटो काढले. लग्नांचेही काढले, पण तिथे नवरी कुणाचं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मयत बिचारं शांतपणे ऐकून घेतं. कुणी घाई केली की काकांचं उत्तर ठरलेलं असायचं: "जो मेलाय त्याला घाई न्हाय, मग तुला कशाला?" आणि त्यांचा एकच नियम होता. माणूस तयार झाल्याबिगर फोटो न्हाय.

असा माणूस आमच्या केबल चॅनलवर बातम्यांचा कॅमेरामन म्हणून आला, हा आमच्या मालकांचा, मेहुलभाईंचा विनोद. मीरा रोडला फरसाणच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं चॅनल. एका खोलीत मी संध्याकाळी सातला बातम्या वाचायची. टेबलाच्या वर साडी, टेबलाच्या खाली फुलाफुलांची नारिंगी सलवार. अख्खी साडी नेसायला वेळ कुणाला होता? सहा वर्षं ही गोष्ट फक्त काकांना आणि मेहुलभाईंना ठाऊक होती.

त्या दिवशी दुपारी वत्सलाताईंची पाण्याची सभा होती; माइक घेऊन मी आणि कॅमेरा घेऊन काका तिथे होतो. वत्सलाताई म्हणजे आमच्याकडे हंडामोर्चाचं दुसरं नाव. साडेचार वाजता मंचावर बोलताना त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या, माइकचा दांडा धरला आणि खाली गेल्या. पुढची चार मिनिटं मंचावर काय झालं ते मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी ऑफिसला आले ती धावतच. वाटेत रिक्षात मथळाही जुळवला: 'पाण्यासाठी लढली, पाण्यासाठी पडली.' जमला म्हणून दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिला. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात ताईंच्या शेजारणीचा फोन आला. "मेघना नाशिकहून निघालीय. आईला चक्कर आली, एवढंच सांगितलंय तिला. आठपर्यंत पोचेल. तोवर काही दाखवू नका हो. ती सारखी मोबाइल बघतेय." मेघना ताईंची एकुलती मुलगी, आणि आमच्या बातम्या मोबाइलवरही दिसायच्या.

मेहुलभाई वाईट माणूस नव्हते. त्यांचं चॅनल आचके देत होतं एवढंच. "मॅडम, पूरा सीन सिर्फ इनासच्या कॅमेऱ्यात आहे. बाकी सगळ्यांकडे मोबाइलचं हलणारं. आज हे लावलं ना, तर उद्या मोठे चॅनलवाले आपल्याकडे मागायला येतील."

काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. कॅमेरा टेबलावर, आणि त्यातलं कार्ड काकांच्या शर्टाच्या खिशात, बटण लावून.

"इनास, कार्ड दे."

"ताई तयार न्हाय."

"अरे, ती गेलीय."

"म्हनून तर. जित्या मानसाचा पदर तो स्वता सावरतो. तिचा कोन सावरनार? पोर येऊ दे."

मेहुलभाईंचा आवाज खाली आला. ते ओरडायला लागले की काळजीचं कारण नसायचं. आवाज उतरला की मात्र माणूस घरी गेलाच म्हणून समजा. "कॅमेरा माझा, कार्ड माझं, पगार माझा. सात वाजायच्या आत मला कार्ड पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"हा," काका म्हणाले. "हात माझा."

घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं. काकांची बायको लुसीमावशी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनच्या तारखेची वाट बघत होती. घर काकांच्या पगारावर चालायचं. हे मला माहीत होतं, मेहुलभाईंना माहीत होतं आणि काकांना तर होतंच. त्यांनी शांतपणे तंबाखू मळायला घेतली. फक्त मळून झाली तरी मळतच राहिले.

आणि मी? मी काकांच्या बाजूने होते असं सांगायला मला फार आवडलं असतं. मला ती दृश्यं हवी होती. तो मथळा वाया जायला नको होता. साडेसहाला मी त्यांना गॅलरीत नेलं आणि माझा सगळ्यात गोड आवाज काढला. "काका, थोडंसंच दाखवू. तोंड धूसर करू. लोकांना कळायला नको का, पाण्यासाठी बाई कशी मेली ते?"

काकांनी हातातली तंबाखू झटकून टाकली. मग खिशाचं बटण काढलं. "तू एकटी बग, बाय. दार लावून."

मी दार लावलं. पडद्यावर वत्सलाताई बोलत होत्या. त्यांनी माइकचा दांडा धरला आणि त्याच क्षणी कॅमेरा वळला. तीस वर्षांची सवय. माणूस तयार नाही म्हटल्यावर काकांचा हात आपोआप दुसरीकडे गेला होता. ताईंचं पडणं त्या कार्डात नव्हतंच.

होतो ते आम्ही. उठून उभ्या राहिलेल्या बायका, पायांत गडगडणारे रिकामे हंडे, वर धरलेले वीस-पंचवीस मोबाइल. आणि मंचाच्या पायाशी, पहिल्या रांगेत, मी. ताई वर पडलेल्या असताना मी माइक काखेत धरून पर्समधून आरसा काढला. केस कानामागे घेतले. ओठ एकमेकांवर दाबून लिपस्टिक सारखी केली. मग कॅमेऱ्यासाठी दुःखी चेहरा करून पाहिला. तो आवडला नसावा. म्हणून दुसरा केला.

दाराबाहेर मेहुलभाई हाका मारत होते. मी पुन्हा लावून बघितलं. दुसरा चेहरा खरंच चांगला झाला होता, हेच वाईट.

बाहेर आले तेव्हा काका दाराशी उभे होते. मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत? कार्डात ताई नाहीतच म्हणाला असतात तर नोकरीवर आलेलं टळलं असतं."

"मग मालक म्हनला असता, काय हाय ते दाखव." मी पुढे केलेलं कार्ड त्यांनी माझ्याच मुठीत राहू दिलं. "तू बी तयार नव्हतीस, बाय."

सातला पाच कमी. मेहुलभाईंच्या मोबाइलवर कुणा कार्यकर्त्याने आपली क्लिप पाठवली होती. उभी, हलणारी, पण ताई दिसत होत्या. "कार्ड राहू दे, हीच लावू," म्हणत ते स्वतः कॉम्प्युटरवर बसले. मी साडीचा पदर खांद्यावर घेतला, टेबलामागे बसले, आणि कॅमेऱ्यावरचा दिवा लागायच्या आधी म्हणाले, "मेहुलभाई, ती क्लिप लागली की मी उभी राहीन."

"मतलब?"

"मतलब टेबलामागून उभी राहीन. लाइव्ह. क्लिप संपून कॅमेरा माझ्यावर आला की अख्ख्या मीरा-भाईंदरला दिसेल, सहा वर्षं बातम्या कशात वाचल्या जातात ते."

त्यांनी टेबलाखाली बघितलं. नारिंगी सलवार जागेवर होती. दिवा लागला.

इतकी लांब बावीस मिनिटं माझ्या आयुष्यात दुसरी नाहीत. दोन्ही तळवे टेबलावर टेकवलेले, टाचा उचललेल्या. समोर मेहुलभाईंचं बोट माउसवर. मी वाचलं, "पाण्याच्या सभेत वत्सलाताईंना चक्कर आली, त्यांना दवाखान्यात हलवण्यात आलं आहे." बोट हललं. मी खुर्चीवरून एक इंच वर आले. बोट थांबलं. मी बसले. पुढे रस्त्यांचे खड्डे वाचले, डोंगरीच्या बसची बातमी वाचली, आणि दर बातमीला आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. कॅमेऱ्यामागे काकांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

क्लिप लागली नाही. "मेल्याची बातमी न देणारा दुनियेतला पहिला चॅनल," एवढंच म्हणून मेहुलभाई जिना उतरले. काकांना उद्यापासून येऊ नको, हे सांगायचं ते विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं.

त्या मोबाइलच्या क्लिपा पुढे फिरल्याच. आम्ही काही जग थांबवलं नाही. पण मेघनाने आईला पाहिलं ते आधी घरात, स्वतःच्या डोळ्यांनी.

सकाळी आम्ही गेलो. मेघनाने आईचा पदर खांद्यावर नीट घेतला, चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला. काकांनी चपला काढल्या, वाकले, विचारलं. मग मेघनाला म्हणाले, "तू बी ये बाजूला." त्यांच्यात मयताबरोबर फोटो काढायची रीत नाही, तरी ती आईच्या उशाशी बसली. त्या संध्याकाळी सात वाजता आम्ही तोच एक फोटो दाखवला. मी तो मथळा वाचला नाही.

काका गेल्या वर्षी गेले. उत्तनला त्यांच्या घरी मी पोचले तेव्हा पेटीसमोर भाड्याने आणलेला फोटोवाला कॅमेरा लावून तयार होता आणि काकांचे बूट अजून खालीच होते. मी त्याच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. "थांबा. ते तयार नाहीत."

"मॅडम, पुढे दुसरी ऑर्डर आहे."

"ह्यांना घाई नाही," मी म्हणाले.

लुसीमावशी नव्या गुडघ्यांनिशी खाली वाकली. तिने डावा बूट घातला, उजवा मी घातला. दोन्ही नाड्या तिने स्वतः बांधल्या, ओढून बघितल्या. मग काकांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं. मग थांबली.

"हा," मावशी म्हणाली. "काढ."

तो फोटो माझ्याकडे आहे, काकांचं ते कार्ड जपून ठेवलंय त्याच डबीत. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता, आणि माझे केस सगळे तोंडावर आलेत.