लाभ, दोन, तीन

जासईच्या काशिरामाची जमीन बंदराच्या कामात गेली आणि तो कंटेनरच्या गोदामावर वॉचमन लागला. चौतिशीचा गडी, दहावी पास. दांडकं घेऊन फाटकाशी उभं राहणं त्याला पचेना. एक्क्याण्णव साली गोदामात टॅली क्लार्कची, म्हणजे माल मोजून घेणाऱ्याची जागा निघाली. परीक्षा दोन भागांची: पाळीत काय घडलं ते इंग्रजीत लिहायचं, आणि उतरलेला माल मोजून दाखवायचा. मोजणीचं त्याला भय नव्हतं. आडवा आला तो इंग्रजांचा भूतकाळ.

म्हणून ड्युटी सुटली की एस्टीनं पनवेल गाठायचं आणि कमलाकर सरांच्या क्लासात कॉलेजच्या पोरांशेजारी बसायचं. सर म्हणाले, "क्रियापदाला ईडी लावा, झाला भूतकाळ." काशिरामानं धडाधड लावलं. लोडेड, काउंटेड बरोबर आलं. मग तो 'ड्रायव्हर गोएड' म्हणाला आणि वर्ग खिदळला.

"काका, चहात घाला तो गोड," सत्यजीत नावाचा एक दीडशहाणा बोलला.

"गो चं वेन्ट होतं," सर म्हणाले.

"मूळचं एक अक्षर राहिलं नाय, सर. कुठं ईडी लावायची न कुठं नाय, कायदा काय याचा?"

"कायदा नाही. पाठ करायचं."

महिनाभर पाठ केलं. आज पाठ, उद्या सपाट.

दिवाळीनंतर त्याची आई गोदूबाई खळ्यावर उरल्या तुकड्यातलं भात मापत होती. पायली ओतायची नि म्हणायची, "लाभ... दोन... तीन..." जन्मभर ऐकलेलं, पण त्या दिवशी ते काशिरामाच्या कानाला लागलं.

"आये, पयल्या पायलीला एक का नाय म्हनत?"

"भाताला एक म्हनतात काय रं? लाभ म्हनायचा."

"पन का?"

"का म्हंजे? घरातनं निघताना 'जातो' म्हनतोस का 'येतो'? दिवा इजवतोस का वाढवतोस? रोजच्या तोंडातल्या शब्दाला आपली खोड असते. हो बाजूला, माप चुकंल."

काशिराम तिथंच कागद घेऊन बसला. येणं, जाणं, खाणं, पिणं, झोपणं: इंग्रजांचे हे घरचे शब्द सगळे खोडीचे. केम, वेन्ट, एट, ड्रँक, स्लेप्ट. लोड, चेक, सील, लॉक हे गोदामाचे. मुकाट ईडी लावून घेणारे. 'कुक' आणि 'वॉश' घरचे असून गरीब निघाले. ते त्यानं घरजावई म्हणून वेगळे लिहिले.

लेखीत एकच चूक झाली, 'कॅच्ड'. मग मोजणी. मुंबईचा साहेब खुर्ची टाकून बसला. मजूर पोती उतरवू लागले, काशिराम प्रत्येक पोत्याला हात लावून मोजू लागला. "लाभ, दोन, तीन..." शेवटाला बेचाळीस.

"एक्केचाळीस," साहेब म्हणाला. "तू एक म्हणालाच नाहीस, थेट दोनवर गेलास."

जागा गेली, असं फाटकावरच्या सगळ्यांना वाटलं. काशिराम हलला नाही. "परत मोजा, साहेब."

शिपायानं मोजली. बेचाळीस.

"मग तुझा एक गेला कुठं?"

"तुमचा गोएड गेला तिथंच, साहेब. आमच्यात पयल्याला लाभ म्हनतात."

साहेबानं चष्मा काढून पुसला, आणि नावापुढं बरोबरची खूण केली.

संध्याकाळी गोदूबाईला बातमी कळली. ती सुपात भात पाखडत राहिली.

"पयल्या पोत्याला काय म्हनलास?"

"लाभ."

"मंग नापास कसा होशील," ती म्हणाली, आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा म्हणाली.